लोकरीचं तेल

आबा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि तुम्ही जाऊन आता बावीस वर्षं झाली. म्हणजे हे पत्र न पोचण्याची दोन कारणं आधीच तयार आहेत. तिसरं कारण मी. मी ते पाठवणारच नाही. तरी लिहायला बसलोय. शाळेला आज सुट्टी आहे, दुपारचे तीन वाजलेत, लाईट गेलेली आहे आणि टेबलावर समोर दोन फॉर्म पडलेत. उद्या शनिवार. उद्या दुपारपर्यंत त्यातल्या एकावर पालक म्हणून माझी सही व्हायला हवी, आणि ज्यावर होणार नाही तो वाया जाणार. कोणत्यावर करू, ते मला कळेना. तीस वर्षं मी अंबडच्या पोरांना संस्कृत शिकवत आलो, दोन-दोन ओळींचे समास सोडवून दाखवले, आणि घरातल्या दोन कागदांपुढं गेले पाच दिवस नुसता बसून आहे. तुमची सून म्हणते, "पोरगी मेंढरं राखायला निघाली असती तरी तुम्ही इतका विचार केला नसता." बरोबर आहे तिचं. मेंढरांचं मला निदान काही कळतं.

फॉर्म तुमच्या नातीचे आहेत. तुम्ही तिला पाहिलं नाही, तुमच्या मागं चार वर्षांनी ती झाली. नाक तुमच्यावर गेलंय, आणि हट्ट कुणावर गेलाय यावर घरात एकमत नाही. बारावीला सायन्स घेऊन चांगले मार्क पडले. जालन्याच्या एका कॉलेजात औषधांच्या शिक्षणाला नंबर लागला. तो फॉर्म मी स्वतः भरला, माझ्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता. पुढचं चित्रही मी काढून ठेवलं होतं: पांढरा कोट, काचेची कपाटं, लोक चिठ्ठी घेऊन रांगेत उभे. दुसरा फॉर्म तिनं भरलाय. तो संभाजीनगरच्या एका संस्थेचा आहे. तिथं केस कापायला शिकवतात, कातडी राखायला शिकवतात, नवरी सजवायला शिकवतात, आणि या सगळ्याला लागणारी तेलं-मलमं बनवायलाही शिकवतात. तिनं सगळे रकाने भरलेत, एक सोडून. 'कोणत्या शाखेत प्रवेश हवा' तो कोरा आहे.

मी विचारलं, "हा कामून कोरा?"

"ते अजून ठरू द्या ना, पप्पा."

"काय शिकायचं ते ठरलं न्हाई आन् शिकायला निघाली?"

"काय शिकायचं ते ठरलंय. त्यातलं कोणतं, ते ठरायचंय."

असं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर मी अर्धा गुण दिला असता. पण ती म्हणते त्यात तथ्य असावं, कारण ठरवायला म्हणून मीच तिला जालन्याला करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्याला घेऊन गेलो होतो, आणि घरून निघताना मला एकच गोष्ट माहीत नव्हती, परत येताना चौदा माहीत नव्हत्या. तिथं एका टेबलामागं एक बाई बसल्या होत्या. माझ्याच वयाच्या, केस मात्र माझ्या वयाचे नव्हते. मला वाटलं होतं, पार्लर म्हणजे पार्लर; भुवया करतात आणि लग्नसराईत नवरीला पांढरं फासतात. त्या बाईंनी एकेक वाट सांगायला सुरुवात केली. केस कापणारे वेगळे, रंगवणारे वेगळे. चेहऱ्याचे वेगळे, नखांचे वेगळे. हो आबा, नुसती नखं. नवरीचे वेगळे, नाटक-सिनेमाचे वेगळे. कातडीच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करणारे, दुकान चालवणारे, दुसऱ्यांना शिकवणारे, कंपनीच्या काउंटरवर उभं राहून कोणाच्या चेहऱ्याला काय चालेल ते सांगणारे. आणि कारखान्यात पांढरा कोट घालून क्रीम तयार करणारे, ते अंगावर उठत तर नाही ना हे तपासणारे. पांढरा कोट ऐकल्यावर मी जरा सावरून बसलो. विभक्त्या आठच आहेत आणि त्या पोरांच्या गळी उतरवायला मला तीन वर्षं लागतात. या बाईंनी चौदा वाटा पंधरा मिनिटांत दाखवल्या, आणि तुमची नात मान हलवत होती, जणू सगळ्या तिच्या पायाखालच्या. शेवटी मी विचारलं, "म्याडम, यातली पक्की कोणती?" त्या म्हणाल्या, "सर, माणसाचे केस वाढायचे तर थांबत न्हाईत. येवढंच पक्कं सांगू शकते मी." मी मान हलवली. काय म्हणून हलवली ते मलाही माहीत नाही.

घरी आल्यावर, म्हणजे मागच्या रविवारी, जेवताना मी ते वाक्य बोललो. आधी मी बरीच बरी वाक्यं बोललो होतो. एवढे मार्क पडून लोकांची डोकी धुणार का. आपल्यात हे कुणी केलं नाही. शाळेतले गणिताचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "सर, पार्लर?" आणि पुढं काहीच म्हणाले नाहीत, ते न म्हणणं मला दिवसभर टोचलं. हे सगळं तिनं भाजी-भाकरीसकट गिळलं. मग मी म्हणालो, "तुझ्या आजोबांना हे बिलकुल चाललं नसतं."

तिनं घास खाली ठेवला. "तुम्ही विचारलं का त्यांना?"

"ते गेले तवा तू जन्मली न्हवती."

"मंग न्हाई म्हणायचं तर तुम्ही म्हणा. त्यांना कशाला मधी आणता?"

तुमची सून ताटाकडं बघत हसली. मला ते हसू दिसलं आणि मी उठून हात धुतले. आबा, खरं सांगतो, तेव्हापासून मी तुम्हालाच विचारतोय. तुम्हाला चाललं असतं का? मला माहीत नाही. तुम्हाला काय चालतं आणि काय चालत नाही, हे तुम्ही मला फारसं सांगितलंच नाही. तुम्ही मेंढरांशी जास्त बोलायचा. म्हणून मला तुमचं आठवतं ते बहुतेक मेंढरांना सांगितलेलं.

एक दिवस मात्र माझ्याशी बोलल्याचा आठवतो. मी दहा-अकराचा असेन. कालव्यावर मेंढरं धुऊन आणली होती, दोन दिवस वाळवली होती, आणि कातरणीला आजूबाजूच्या मेंढपाळांच्या तळांवरची माणसं आलेली. तुम्ही पहिल्यांदा माझ्या हातात कातर दिली, ती दोन सुऱ्या एका बुडाला जोडल्यासारखी लोखंडी. मी एक काळी मेंढी आडवी घेतली आणि कातर चालवायला लागलो. दुसऱ्याच फेरीला तिच्या बरगडीवर कातडी कापली गेली. रक्त आलं. तुम्ही धावत आला नाहीत, चालत आलात. मला वाटलं आता पाठीत बसणार. तुम्ही आधी तिच्या जखमेत हळद दाबली, मग तिची मान मांडीवर घेतली आणि तिलाच म्हणालात, "सोड आंग. सोड. म्या धरलंय." असं तीन-चारदा. बघता बघता ती मेंढी ढिली पडली, मान तुमच्या गुडघ्यावर लोंबायला लागली. मग मान वर न करता मला म्हणालात, "भ्याली की आंग आवळती. आवळलेल्या आंगाला कात्र लागतीच. तू कापायला बसला, धरलं कुठं तिला? आधी धर, मंग काप." एवढंच. तो माझा पहिला धडा आणि बहुतेक शेवटचा. त्यानंतरच्या जूनमध्ये तुम्ही मला अंबडच्या बोर्डिंगात घातलं.

तो दिवसही लिहितो, कारण तो तुम्हाला वेगळा आठवत असेल आणि मला वेगळा. आपण वडीगोद्रीहून एसटीनं आलो. ऑफिसात टेबलामागं क्लार्क, आपल्यामागं आठ-दहा पोरं आणि त्यांचे बाप. क्लार्कनं शाईचा पॅड पुढं सरकवला, "करा आंगठा." तुम्ही केला. कागदावर काही उमटलं नाही. नुसता एक निळा ओघळ, पाण्यात शाईचा थेंब पडावा तसा.

"हाताला काय लावून आलात?"

"काही न्हाई जी. मेंढराचं आसतंय ते."

"धुऊन या."

तुम्ही नळावर गेलात, माती लावून हात घासले, आलात. पुन्हा ओघळ. पुन्हा गेलात. आत तेल मुरलेलं, ते कातरणीच्या दिवसांत मातीला कुठं दाद देणार. तिसऱ्यांदा क्लार्कनं स्टोव्हजवळची रॉकेलची चिंधी काढून दिली, लांबून, दोन बोटांत धरून. मागची पोरं हसायला लागली होती. मी भिंतीवरचा भारताचा नकाशा बघत होतो. फार बारकाईनं बघत होतो, की कुणाला वाटावं हा पोरगा दुसऱ्या कुणाचा तरी आहे. रॉकेलनं अंगठा स्वच्छ झाला आणि उमटला. मग तुम्ही कागदाकडं बोट दाखवून विचारलंत, "काय काय शिकीवणार ह्याला?"

"सगळंच. संस्कृतपण."

"त्ये काय आसतंय?"

"देवाची भाषा."

तुम्ही थोडा विचार केलात. "मंग बराबर हाय. घरात कुणीतरी देवाला बोलता येणारं पाह्यजे. आमचं सगळं मेंढरालाच समजतंय." आणि निघून गेलात. कागदावर काय लिहिलंय हे विचारलं नाहीत. खरं तर त्यात एक रकाना क्लार्कनं नंतर भरला, तुमचा अंगठा होऊन गेल्यावर. मी बघितलं होतं.

तुम्ही दिवाळीनंतर आलात ते घोंगडी घेऊन. तीन वर्षांचं कोकरांचं जावळ, म्हणजे त्यांची पहिल्या कातरणीची मऊ लोकर, तुम्ही वेगळं काढून ठेवलं होतं आणि त्याची माझ्यापुरती घोंगडी विणून घेतली होती. तशी घोंगडी मी पुन्हा पाहिली नाही. गालाला टोचत नव्हती. पावसात पांघरून उभं राहिलं तर पाणी तिच्यावरून मोत्यासारखं ओघळायचं, आत थेंब येत नसे. आणि तिला वास होता. आपल्या तळाचा वास. खोलीत आम्ही वीस पोरं झोपायचो. पहिल्याच दिवशी एक जण म्हणाला, "मेंढरू आलं रे," आणि दुसऱ्यानं तसा आवाज काढला. आवाज चुकीचा होता, मेंढ्या तशा ओरडत नाहीत, पण ती चूक काढायची ती वेळ नव्हती.

त्याच हिवाळ्यात मी पाठांतराच्या स्पर्धेत पहिला आलो. संस्कृतच्या गुरुजींना माझा उच्चार फार आवडायचा. विसर्ग किती मोकळा येतो म्हणायचे. लांबच्या मेंढरांना हाका मारून मारून तो मोकळा झालाय, हे मी त्यांना सांगितलं नाही. बक्षीस म्हणून मला गुलाबाच्या वासाच्या साबणाची वडी मिळाली, गुलाबी रंगाची, कागदात गुंडाळलेली. ती मी कितीतरी दिवस उशाशी ठेवली. तुम्हाला या बक्षिसाचं मी पत्रात कळवलं होतं.

पुढं घोंगडीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. बोर्डिंगच्या धोब्यानं ती गरम पाण्यात साबण लावून धुतली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती घेऊन तुमच्यासोबत रानात आलो, जांबेच्या बाजूला तळ होता, आणि एका दुपारी अवकाळी पाऊस आला. पाच मिनिटांत मी आतून भिजलो. घोंगडीनं सगळं पाणी पिऊन घेतलं, ती ओल्या गोणपाटासारखी जड झाली. ती आखडलीही होती, माझे गुडघे उघडे पडायचे. तुम्ही तिचं टोक हातात घेतलं, चोळलं, नाकाला लावलं. मी म्हणालो, "धोब्यानं धुतली." तुम्ही म्हणालात, "त्येला सांग, तेल काढू नको म्हणावं. तेल काढलं की पाणी शिरतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारभर तुम्ही बाभळीखाली बसून होता. न धुतलेली, ओशट लोकर मुठीत घेऊन ती घोंगडीवर चोळत होता. एका कडेनं सुरू केलं, बोट बोट पुढं सरकत. मध्येच थांबायचं, तळहात एकमेकांवर घासून गरम करायचे, पुन्हा चोळायचं. असं केल्यानं तेल परत जातं का? मला आजही माहीत नाही. जात नसावं. पण वास परत आला. मी ती घोंगडी पुन्हा बोर्डिंगात नेली आणि पेटीच्या तळाशी ठेवली.

आता हे सगळं मला या बुधवारी का आठवलं ते सांगतो. तुमची नात सुट्टीभर अंबडच्या एका पार्लरमध्ये मदतीला जाते. फॉर्मचं एकदाचं बोलून टाकू म्हणून मी शाळेतून परस्पर तिथं गेलो. दारावर पाटी, 'फक्त महिलांसाठी'. म्हणजे जे बघून मला ठरवायचं, ते बघायलाच मला बंदी. पडद्याच्या बाहेर बाकडं होतं, त्यावर बसलो, चपलांच्या शेजारी. आत नळ वाजत होता आणि एका बाईचा आवाज येत होता. वडीगोद्रीकडची कुणी असावी, लेकीच्या हळदीला दोन दिवस उरले म्हणून तिच्या लेकीनं तिला बळंच आणलं होतं. डोकं मागं टाकून धुवायचं ते बेसिन असतं, त्यावर मान ठेवायला ती तयार नव्हती.

"मान सोडा, मावशी."

"सोडली की बाई."

"न्हाई सोडली. दगडावानी धरली तुम्ही."

"मागं पडले मंजी?"

"पडत न्हाई. सोडा. सोडा आंग. मी धरलंय."

मग नुसतं पाणी वाजत राहिलं. थोड्या वेळानं ती बाई म्हणाली, "आजवर कुणी डोकं धरलं न्हाई माजं. समद्यांची मीच धुतली." नंतर कोणीतरी हळूच विचारलं, "झोपली का काय?" आणि माझी लेक म्हणाली, "झोपू द्या. मान जड लागून राह्यली आता."

आबा, मी बाकड्यावर बसून होतो. 'सोडा आंग, मी धरलंय' हे वाक्य तिला मी शिकवलेलं नाही. काळ्या मेंढीची गोष्ट मी घरात कधी सांगितलेली नाही. आपल्या तळाच्या गोष्टी मी घरात फारशा सांगतच नाही, ते तुमच्या सुनेला विचारा. लेक लहान असताना तिच्या डोक्यावर पाणी घालताना मी तसं काही म्हणत असेन का? असेनही. किंवा असं म्हणणं कुणालाही सुचतं, त्यात नवल काही नाही. मी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि कुठल्याच बाजूला पोचलो नाही. फॉर्मचं बोलायचं राहूनच गेलं. ती बाहेर आली, मला बघून म्हणाली, "तुम्ही हितं? भुवया करायच्या का?"

घरी आल्यावर तिनं माझे हात बघितले. खडूनं बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, त्या वर्षानुवर्षं आहेत, मला त्यांचं काही वाटत नाही. तिनं पर्समधून एक छोटी ट्यूब काढली, मसूरभर काहीतरी पिवळट घेतलं, आणि माझं एकेक बोट धरून चोळायला लागली. ते बोटाला लागलं मात्र, आणि मी हात मागं घेतला. चिकट नाही, तेलकट नाही, मधलंच काहीतरी. ओशट. मी विचारलं, "काय हे?"

"लॅनोलिन."

"मंजी?"

"मेंढीच्या लोकरीतलं तेल, पप्पा. कारखान्यात लोकर धुतात, त्या पाण्यातून काढतात. ओठांच्या क्रीममधी असतं, पाजणाऱ्या बायांना लावायला देतात. लई भारी असतं कातडीला."

मी ट्यूब नाकाला लावली. "वास कुठं गेला?"

"काढून टाकतात. नाय तर कोण घेणार?"

मी हसलो, आणि ती विचारायला लागली काय झालं, तर मला सांगता येईना. काय सांगणार? की हे तेल तुझे आजोबा जन्मभर दोन्ही हातांना लावून फिरले आणि एका क्लार्कनं त्यांना ते रॉकेलनं पुसायला लावलं? ती माझं बोट धरून बसली होती. स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "म्हणून तर तो रकाना कोरा ठेवलाय. हातानं करायचं, का हे असलं बनवायला शिकायचं, मलाच कळून न्हाई राह्यलं. एक दिवस वाटतं हे, एक दिवस वाटतं ते. तुम्हाला सांगायला गेले तर तुम्ही म्हणणार, बघा, हिलाच माहीत न्हाई." मी म्हणणारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं.

आज सकाळी ती पार्लरला जाताना पुन्हा माझ्या बोटांना ते लावून गेली. आत्ता हे लिहितानाही हात ओशट आहेत. या पत्राला मध्ये मध्ये डाग पडलेत ते त्याचेच. तुम्हाला ओळखू येतील.

मी अजून गोंधळलेलाच आहे. तिला उद्या नोकरी मिळेल का, लोक काय म्हणतील, चौदातली कोणती वाट घेईल आणि ती घेतल्यावर पंधरावी आठवेल का, यातलं काही मला कळत नाही. औषधांच्या फॉर्ममधली काचेची कपाटं मला अजून दिसतात, आणि ती चांगली दिसतात. पण रविवारी मी जे बोललो ते चुकीचं बोललो, एवढं कळतं. तुम्हाला चाललं नसतं, असं नव्हतं. मला चालत नव्हतं. आणि स्वतःच्या अंगावर न घेता ते मी तुमच्यावर ढकललं, कारण तुम्ही उठून नाही म्हणणार नव्हता. ती संध्याकाळी पाचला येईल, तेव्हा हे तिला सांगायचंय. वाक्य जुळवतोय. अजून नीट जुळत नाही.

सही मात्र आत्ता केली. तुम्हाला लिहिता लिहिता मध्येच थांबून केली. तिच्या फॉर्मवर. पहिल्यांदा पेन चालेना. माझा हात जिथं टेकला होता तिथं कागद ओशट झाला होता, नाव अर्धं उमटलं आणि आडनावाच्या जागी नुसता ओरखडा. कागद कोरड्या फडक्यानं पुसला आणि पुन्हा गिरवलं. आता वाचता येतं. तो रकाना कोराच आहे. पोरांना मी आयुष्यभर बजावत आलो की रिकाम्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका. तुम्हीही असाच अंगठा दिला होता. तुमच्यासमोर निदान क्लार्क बसला होता, देवाची भाषा म्हणून सांगायला.

आता शेवटचं. बोर्डिंगातून मी पत्र पाठवायचो ते तुम्हाला वडीगोद्रीचा किराणा दुकानदार वाचून दाखवायचा, पायरीवर, चार लोकांत. साबणाच्या बक्षिसाचं त्यानं दोनदा वाचलं होतं म्हणे, आणि तुम्ही दोन्ही वेळा ऐकून घेतलंत. त्यामुळे काही गोष्टी लिहिता येत नसत. सुट्टीत तुम्ही समोर असायचा तेव्हा त्या बोलता येत नसत. आता वाचून दाखवायला कुणीच नाही, म्हणून लिहितो.

त्या सुट्टीनंतरच्या पावसाळ्यात तुम्ही शेंगा घेऊन मला भेटायला आलात, तेव्हा आधी ऑफिसात गेलात. मी वरच्या खिडकीतून बघत होतो. तुम्ही क्लार्कला काहीतरी विचारलंत, हातानं चोळल्यासारखं करून दाखवलंत. त्यानं नकारार्थी मान हलवली. तुम्ही तिथंच थोडा वेळ उभे राहिलात. मग वर आलात, शेंगांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवलीत, आणि म्हणालात, "खा. वल्ल्या हायत." घोंगडीचं तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत आणि नंतरही कधी विचारलं नाहीत.

तुम्ही त्याला काय विचारलंत, ते मला तेव्हाच कळलं होतं. बोर्डिंगात धोबी नव्हता, आबा. आम्ही आपापले कपडे धुवायचो. ती गुलाबी वडी मी एका रात्रीत संपवली.